ग्रेगोर मेंडेल : मठजीवन आणि संशोधन

अनुवंशशास्त्राचे जनक ग्रेगोर मेंडेल (१८२२-१८८४) हे मठवासी होते, ही बाब अध्यापनात केवळ ओझरती येते. वस्तुत: १८४३ मध्ये ब्रनो येथील सेंट थॉमस मठात प्रवेश केल्यानंतर मठानेच त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठविले आणि प्रयोगांसाठी बागेत जागा दिली. १८५६ ते १८६३ या काळात त्यांनी वाटाण्याची सुमारे २८,००० रोपे अभ्यासली. शाळेतील अध्यापनही सुरूच होते. शिक्षक-पात्रता परीक्षा मात्र ते दोन प्रयत्नांनंतरही उत्तीर्ण झाले नाहीत, हे विशेष! १८६८ मध्ये ते मठाधिपती झाले. संशोधक घडविणाऱ्या मठाचा कारभारच आता संशोधनाच्या आड आला. १८७४ च्या करविषयक कायद्यावरून शासनाशी सुरू झालेल्या वादात त्यांची उरलेली वर्षे गेली. हवामानाच्या नोंदी तेवढ्या त्यांनी अखेरपर्यंत ठेवल्या.