चिलखती वाहनांच्या प्रतिकृतींवरील बाह्य सामान

रणगाडे, चिलखती मोटारी, लष्करी ट्रक व जीप यांच्या लहान प्रमाणातील प्रतिकृतींवर बाहेरून बांधलेल्या, टांगलेल्या किंवा पेट्यांत ठेवलेल्या वस्तूंना बाह्य सामान असे म्हणतात. इंधनाचे व पाण्याचे डबे, ताडपत्री, सैनिकांच्या वळकट्या, छद्मावरणाची जाळी, दारूगोळ्याच्या पेट्या, कुदळ, फावडे, पहार, कुऱ्हाड आणि ओढण्याचा तारदोर यांचा त्यात समावेश होतो. रणगाड्याच्या आत दारूगोळा व दळणवळणाची साधने ठेवल्यावर चार-पाच माणसांच्या सामानाला जागा उरत नाही, म्हणून ते बाहेर येते. चित्रांत रणगाडा बहुधा स्वच्छ व रिकामा दिसतो. मोहिमेवरचा रणगाडा क्वचितच तसा असतो.

प्रमाण

चिलखती वाहनांच्या प्रतिकृतींत १:३५ हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी काढलेल्या पँथर रणगाड्याच्या संचात विजेरी व मोटर बसवायची होती, त्यावरून हे प्रमाण ठरले असे सांगितले जाते. त्याखेरीज १:४८ व १:७२ ही प्रमाणेही वापरात आहेत.

१:३५ मध्ये १७० सेंमी उंचीचा सैनिक सुमारे ४८.६ मिमीचा होतो आणि २५ मिमी जाडीचा तारदोर ०.७ मिमीचा. खरी अडचण जाडीत येते. एक मिलिमीटर जाडीचे कापड या प्रमाणात मिलिमीटरच्या पस्तिसाव्या भागाइतके, म्हणजे ०.०३ मिमीच्या आसपास पातळ असावे लागते. प्लॅस्टिकच्या साच्यातून इतका पातळ भाग निघत नाही. त्यामुळे संचातील ताडपत्री बहुधा लाकडी ओंडक्यासारखी दिसते, आणि सामान स्वतः घडवण्याकडे अनेक जण वळतात ते प्रामुख्याने याच कारणाने.

जेरीकॅन

बाह्य सामानातील सर्वांत परिचित वस्तू म्हणजे २० लिटरचा जेरीकॅन. जर्मनीत १९३७ च्या सुमारास त्याची रचना झाली. दाबून घडवलेले पोलादी पत्र्याचे दोन अर्धे भाग वितळजोडाने जोडलेले असत व टोपण तरफेने बंद होई. वरच्या बाजूस तीन मुठी होत्या : मधली एका माणसाने उचलण्यासाठी, बाहेरच्या दोन दोघांनी मिळून उचलण्यासाठी. रिकामे डबे शेजारी धरले की बाहेरच्या मुठींमुळे एका हातात दोन मावत. उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांचे चार गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे वाटेतच गळत, तेव्हा त्यांनी हाती लागलेले जर्मन डबे वापरले आणि पुढे तशीच रचना उचलली. ‘जेरी’ हे ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत जर्मनांचे नाव होते. अमेरिकनांनी मात्र सांधा व टोपण बदलले.

प्रतिकृतिकाराच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा ठरतो. अमेरिकी वाहनावर वितळजोडाचा जर्मन डबा असू शकतो, पण तो तेथे का आला याचे उत्तर देता यायला हवे. डब्याची उंची सुमारे ४७ सेंमी असल्याने १:३५ मध्ये तो १३.४ मिमी होतो. जुन्या छायाचित्रात असा डबा दिसल्यास तो मोजपट्टीचेही काम करतो. त्याच्याशी तुलना करून शेजारच्या अनोळखी पेटीचे माप काढता येते, मात्र दोन्ही वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असाव्या लागतात.

महाराष्ट्रातील अभ्याससाधने

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये स्थापन झाले. ते तेथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या लष्करी संस्थेशी संलग्न आहे. रोल्स-रॉइस चिलखती मोटार, माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन अशी वाहने तेथे प्रत्यक्ष पाहता येतात. ठाणे जिल्ह्यातील मुरबाडवरून माळशेज घाटाने जाणारा कल्याण–अहिल्यानगर रस्ता थेट तेथे पोहोचतो. शहापूरवरून कसारा घाटमार्गे जाणारा मुंबई–आग्रा महामार्ग नाशिककडे जातो व त्याच बाजूस देवळालीचे तोफखाना विद्यालय आहे. ग्रामीण ठाण्यातील हे दोन तालुके अशा रीतीने दोन्ही वाटांवर येतात. जीपसाठी तर इतके लांब जाण्याचीही गरज नाही. मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी सुरू झाली, आणि तिच्या वंशातल्या गाड्या गावोगाव धावल्या. दुसऱ्या महायुद्धातील जीपच्या मागे सुट्या चाकाशेजारी जेरीकॅनची चौकट असे.

संग्रहालयातील वाहनाला मर्यादा आहेत. त्याचे सामान उतरवलेले असते आणि रंग अनेकदा नव्याने दिलेला असतो. टिकून राहतात ते कंस, पट्ट्यांच्या कड्या, पेट्यांच्या बिजागऱ्या. अनुभवी अभ्यासक याच वस्तूंची मापे प्रथम घेतात, कारण सामान कोठे बांधले जाई ते त्यांवरून कळते.

याचे सर्वांत अवघड उदाहरण म्हणजे ‘फामागुस्ता’ हा सेंच्युरियन रणगाडा. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल (१७ पूना हॉर्स) १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड विभागात बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. रणगाड्याला आग लागल्यावरही त्यांनी तो सोडला नव्हता. सेंच्युरियनच्या बुरुजाच्या दोन्ही अंगांना व पट्ट्यांवरील मडगार्डांवर पत्र्याच्या पेट्या असतात, त्यामुळे सामान कोठे होते हे सांगता येते. त्या दिवशी नेमके काय होते, हे आजच्या रंगवलेल्या पेट्यांवरून ठरत नाही. अशा प्रतिकृतीवर शोभेसाठी दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पेट्या किंवा ब्रिटिश पथाऱ्या रचणे अयोग्यच होय. पुरावा नसेल तेथे जागा रिकामी ठेवलेली बरी.

भारतीय वाहनांबाबत संचातील सूचनापत्रकेही पुरेशी नसतात. १९७१ च्या युद्धातील भारतीय टी-५५ रणगाड्यांच्या तोफेच्या नळीवर मध्यभागी बनावट धूरनिष्कासक बसवला होता. पाकिस्तानकडील चिनी बनावटीचा टाइप ५९ दिसायला जवळजवळ सारखाच असल्याने ओळख पटावी हा त्यामागचा हेतू. सोव्हिएत संचातून बनवलेल्या प्रतिकृतीत हा भाग स्वतः जोडावा लागतो.

घडण

ताडपत्री व वळकट्यांसाठी दोन घटक मिसळून घट्ट होणारी इपॉक्सी लुकण वापरतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे एम-सील स्वस्त पडते, पण ते लवकर घट्ट होते. सुरकुत्या पाडायला वेळ कमी मिळतो. लुकण लाटताना चिकटू नये म्हणून शंखजिरे भुरभुरतात. दुसरी पद्धत पातळ टिश्यू कागद पाणी घातलेल्या फेविकॉलात भिजवून वस्तूवर पसरण्याची. जाडीच्या दृष्टीने हीच खऱ्या कापडाच्या अधिक जवळ जाते. पट्ट्या शिशाच्या वर्खाच्या, बक्कल बारीक तांब्याच्या तारेचे.

वजन दिसणे हा या कामाचा गाभा आहे. पाण्याने भरलेला जेरीकॅन वीस किलोंहून जड असतो. त्याचा पट्टा ताणलेलाच हवा. वळकटी कडेवर टेकते तेथे दबते, दोराखाली तिला खाच पडते, आणि दोन कड्यांमधली ताडपत्री मध्ये झोळ खाते. लुकण ओली असतानाच ती वाहनावर ठेवून दाबली तर हे आपोआप साधते. वाळल्यावर नुसती चिकटवलेली वळकटी तरंगल्यासारखी दिसते. दाबण्यापूर्वी प्रतिकृतीच्या पृष्ठभागावर थोडे पाणी किंवा तेल लावतात, म्हणजे वळकटी सुकल्यावर सुटी काढून वेगळी रंगवता येते.