गाडीवरची राख कोरड्या फडक्यानं पुसू नका

बिद्रीत गाडीच्या रंगाबद्दल बोलायचं तर ऊसहंगामापासूनच सुरुवात करायला हवी. साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळतात. त्याची बारीक राख उडते आणि पहाटेच्या दवानं बॉनेटला चिकटते. सकाळी आपण काय करतो? कोरडं फडकं घेऊन फराफरा पुसतो. गाडी नवी असेल तर दिवसातून दोनदा! इथंच घात होतो. या राखेत सिलिका असते, वाळूत असते तीच. रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. उन्हात दिसणारे जाळ्यासारखे ओरखडे बहुतेक असेच पडलेले असतात.

म्हणून आधी नुसतं पाणी मारा, राख वाहून जाऊ द्या. मग गाडीचा शॅम्पू, मायक्रोफायबरचं फडकं, आणि वरून खाली. बादल्या दोन: एक शॅम्पूची, दुसरी फडकं खळबळायला. कपड्यांची पावडर नको, ती वॅक्स उतरवते. गाडी सावलीत धुवा.

पॉलिशनं ओरखडे जातात की, असं कुणी म्हणेल. जातात, पण ते तोच थर घासून. दर पॉलिशला तो थोडा कमी होतो, आणि पुन्हा भरून येत नाही.