लाल दिव्याच्या मास्कआधी उन्हाचा बंदोबस्त

लाल प्रकाशाच्या उपचाराला शास्त्रीय आधार आहे, पण तो मर्यादित आहे. साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटरचा प्रकाश पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाला चालना देतो, असे मानले जाते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३६ जणांवरच्या चाचणीत कोलॅजनची घनता वाढली, सुरकुत्या सौम्य झाल्या. मात्र त्या चाचणीतली यंत्रे अंगभर प्रकाश टाकणारी होती. घरगुती मास्कची ताकद कमी आणि कंपनीगणिक वेगळी असते.

उन्हात लाल प्रकाश असतोच, मग वेगळा दिवा कशाला, असा रास्त प्रश्न येतो. पण उन्हाबरोबर अतिनील किरणही येतात आणि तेच कोलॅजन मोडतात. म्हणून जुन्नर-आंबेगावात दिवसभर टोमॅटो तोडणाऱ्या, कांदा काढणाऱ्या बाईने रात्री दहा मिनिटे मास्क लावला, तरी दिवसाचे नुकसान भरून निघणार नाही. तिचा पैसा आधी रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि सनस्क्रीनवर लागावा, हे माझे स्पष्ट मत आहे. मास्कमध्ये अतिनील किरण नसतात, मग धोका कसला, असेही म्हणतात. पण सावळी त्वचा लाल प्रकाशाला जास्त संवेदनशील ठरते, हे अमेरिकेतल्या चाचणीत दिसले आहे आणि उष्णतेने वांग गडद होऊ शकतो. वांग असेल किंवा उन्हाची ॲलर्जी वाढवणारी औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मास्क वापरू नका. फिकट, बधिर चट्टा दिसला तर दिव्याचा विचारही न करता सरकारी दवाखाना गाठा. तो कुष्ठरोग असू शकतो आणि त्याचे औषध तिथे मोफत मिळते.