तारकासाम्राज्याची सीमा

जें साम्राज्य कधीं अस्तित्वांतच नव्हतें, त्याच्या हद्दीची चिकित्सा करणें वरवर पाहतां पोरकटपणाचें वाटेल. परंतु आयझॅक अॅसिमॉव्ह यांची 'फाउंडेशन' ही कथामाला ज्या विद्यार्थ्यानें वाचली, त्याच्या मनांत हा प्रश्न येतोच: कथेच्या आरंभीं सम्राटाच्या राज्याची जी सीमा असते, ती अखेरपर्यंत तशीच राहते काय? ती राहत नाहीं. ती कशी हलते तें पाहण्यासारखें आहे, म्हणून आम्ही हा विषय येथें घेतला आहे. पालकांपैकीं अनेकांनीं हीं पुस्तकें पाहिलीं नसतील असें धरून आधीं थोडी माहिती देतों.

अॅसिमॉव्ह यांचा जन्म १९२० सालीं रशियांत झाला. लहानपणींच ते आईबापांबरोबर अमेरिकेंत गेले. या मालेंतील पहिली गोष्ट १९४२ सालीं एका अमेरिकन मासिकांत आली, आणि १९५१ ते १९५३ या काळांत तिचे तीन ग्रंथ झाले. गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास त्यांनीं लक्षपूर्वक वाचला होता. रोमच्या जागीं त्यांनीं ट्रँटॉर नांवाचा ग्रह कल्पिला आणि भूमध्य समुद्राच्या जागीं अवघी आकाशगंगा. अडीच कोटी वस्तीचे ग्रह या साम्राज्यांत आहेत. राजधानीचा ग्रह धातूच्या कवचानें पूर्णपणें झांकलेला असून त्यावर चार हजार कोटी माणसें राहतात, आणि त्यांच्या पोटाला वीस शेतकरी ग्रहांवरून धान्य येतें.

अशा राज्याची सीमा म्हणजे काय? आपल्या भूगोलांत नदी असते, डोंगराची रांग असते, निदान एखादा दगड तरी पुरलेला असतो. दोन ताऱ्यांच्या मध्यें तर केवळ पोकळी! तेथें रेघ कोण ओढणार? म्हणून या साम्राज्याची हद्द नकाशावर दिसत नाहीं. कोणकोणता ग्रह ट्रँटॉरचा हुकूम मानतो, त्यावरून ती ओळखावी लागते.

मालेच्या आरंभीं हॅरी सेल्डन हा गणिती साम्राज्याचा नाश जवळ आल्याचें भाकीत करितो, आणि त्याचे अनुयायी आकाशगंगेच्या कांठावरील टर्मिनस या ग्रहावर वसाहत करितात. जेमतेम पन्नास वर्षें लोटतात तोंच शेजारच्या अॅनाक्रिऑन प्रांताचा सुभेदार राजा बनून बसतो. साम्राज्य मात्र तें कबूल करीत नाहीं. दोघांमध्यें तह होतो, आणि त्यांत सम्राटाविषयींचा आदर ओतप्रोत भरलेला असतो. टर्मिनसचा नगराध्यक्ष सॅल्व्हर हार्डिन या तहाची तर्कशास्त्राच्या रीतीनें छाननी करवितो, तेव्हां गोड शब्दांचें टरफल गळून पडतें आणि आंत दोनच गोष्टी उरतात: अॅनाक्रिऑनवर साम्राज्याचें कोणतेंही बंधन नाहीं, आणि साम्राज्याची अॅनाक्रिऑनवर कोणतीही सत्ता नाहीं. कागदावर हद्द जेथल्या तेथें आहे. प्रत्यक्षांत ती कितीतरी मागें सरली आहे. आमच्या मतें सबंध मालेंतील हा प्रसंग सर्वांत मार्मिक होय.

सीमा मागें सरतांना तेथील माणसांचें काय होतें, हें सिवेन्ना या ग्रहाच्या हकीकतींत दिसतें. तेथील सुभेदारानें बंड केलें, तेव्हां प्रजेनें सम्राटाची बाजू घेऊन त्याचा पाडाव केला. नंतर शाही आरमार आलें. परंतु बंडखोर प्रांत जिंकल्याचें यश सेनापतीस हवें होतें, आणि तें हातचें गेलेलें पाहून त्यानें त्या राजनिष्ठ प्रजेचीच कत्तल केली. ओनम बार नांवाचा वृद्ध सरदार पडक्या वाड्यांत बसून ही गोष्ट एका परदेशी व्यापाऱ्यास सांगतो. त्याचीं बहुतेक मुलें त्या कत्तलींत गेलीं आहेत. हीं पानें वाचतांना मन विषण्ण होतें.

ऐकणारा तो व्यापारी म्हणजे टर्मिनसचा होबर मॅलो. तो तेथील वीजगृह पाहतो, तेव्हां यंत्र बिघडल्यास तें दुरुस्त करण्याची विद्या तेथल्या वंशपरंपरागत कारागिरांस उरलेली नाहीं असें त्यास आढळतें. सत्तेपूर्वीं ज्ञान ओसरतें, असें लेखकास सुचवावयाचें असावें.

टर्मिनसची हद्द मात्र वाढत असते. प्रथम ती धर्माच्या सोंगानें वाढते: यंत्रें चालविणाऱ्यांस पुरोहित बनवून शेजारच्या राज्यांस धाकांत ठेविलें जातें. हा मार्ग आम्हांस रुचत नाहीं, आणि पुढें तो फसतोही. कोरेलचा अधिपति या प्रचारकांस दारांतच उभा करीत नाहीं. मग मॅलो पुरोहितांवांचून नुसता माल विकतो, स्वयंपाकघरांतील चाकूपासून कारखान्यांतील यंत्रापर्यंत. युद्ध जुंपतें तेव्हां कोरेलला माल मिळेनासा होतो. एकेक उपकरण बंद पडत जातें, आणि फारशी लढाई न होतां तीन वर्षांत कोरेल शरण येतें. सीमा घराघरांत कधीं शिरली, हें कोरेलच्या लोकांस कळलेंच नाहीं!

हद्द एकाच दिशेनें सरकते असें मात्र नव्हे. 'द करंट्स ऑफ स्पेस' ही कादंबरी पूर्वींच्या काळची आहे. तींत ट्रँटॉर अजून वाढत असून वस्तीच्या ग्रहांपैकीं सुमारें निम्मे त्याच्या ताब्यांत आले आहेत. ऱ्हासाच्या काळांतही दुसऱ्या क्लीऑन सम्राटाचा सेनापति बेल रायोज गेलेली सीमा पुन्हां पुढें रेटूं लागतो. तो विजयी होत असतांनाच सम्राट त्यास कैद करवितो, कारण विजयी सेनापतीचें भय शत्रूहून अधिक! येथें जस्टिनियन आणि बेलिसारियस यांची आठवण होते. ५४० सालीं बेलिसारियसनें रॅव्हेना घेतलें आणि त्याच वर्षीं त्यास इटलींतून परत बोलावण्यांत आलें.

पुढें ट्रँटॉर लुटलें जातें. नववा डॅगोबर्ट हा सम्राट दुसऱ्या ग्रहावर पळतो. आपण अजून साऱ्या आकाशगंगेचे स्वामी आहों अशा भ्रमांत तो वृद्ध दिवस कंठीत असतो, आणि ग्रह उरलेले असतात वीस. जुन्या राजधानींत शेतकरी धातूचें कवच उचकटून विकतात, त्या पैशानें गुरें आणि बीं-बियाणें घेतात, आणि उघड्या पडलेल्या मातींत नांगर धरितात.