घटातलं पिवळं धान

दसऱ्याला जालन्याकडे सोनं वाटताना लोकांच्या टोपीत खोवलेलं घटातलं धान जवळून बघावं. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नऊ दिवस वाढलेला हा गहू लांबसडक, लुसलुशीत, फिकट पिवळा असतो. तोच गहू रब्बीत रानात पेरला की बुटका आणि हिरवागार येतो. बियाणं तेच, जनुकं तीच! घटातलं धान आजारी आहे असं वाटतं खरं, पण अंधारात कसं वाढायचं याचा बेत त्याच्या जनुकांतच असतो आणि ते तो इमानेइतबारे पार पाडत असतं.

या बेताची खरी गरज मातीखाली. जूनमध्ये पेरलेल्या सोयाबीनच्या कोंबाकडे दोन दलांत साठवलेलं तेवढंच भांडवल. ते पानं पसरण्यात घालवलं तर वर पोचायचं कसं? म्हणून तो सगळी ताकद उंचीवर लावतो आणि शेंड्याजवळ बाक काढतो. माती ढकलते ती वाकलेली मान. नाजूक शेंडा मागे सुखरूप राहतो. पेरणीवर जोराचा पाऊस होऊन वरून कडक ऊन पडलं, जमिनीने पापुद्रा धरला, की ही मानच मोडते. पिशवीवरची किमान 70 टक्के उगवण तिथे कामाला येत नाही. दुबार पेरणी गळ्यात पडते. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाणे कंपनी जालन्यात सुरू केली, तेव्हापासून बियाण्यांचं गाव म्हणून मिरवणाऱ्या या शहराला हे सांगायला नको.

आता पेशीच्या आत बघू. अंधारात ‘पिफ’ नावाची प्रथिनं जनुकांवर ठाण मांडून असतात. लांब वाढवणारी जनुकं ती चालू ठेवतात, हिरवं करणारी दाबून धरतात. उजेडातली जनुकं जागी करणारं ‘एचवाय-५’ हे प्रथिन तयार होतं, पण ‘कॉप-१’ त्याला टिकूच देत नाही. कोंबावर तांबडा प्रकाश पडला की फायटोक्रोम या रंगद्रव्याचा आकार बदलतो. ते पेशीकेंद्रकात शिरून पिफला गाठतं आणि काही मिनिटांत पिफचा फडशा पडू लागतो. कॉप-१ लाही लगाम बसतो. मग बाक सरळ होतो, दलं उघडतात, काही तासांत हिरवी झाक चढते. मोहरीच्या कुळातल्या अरेबिडॉप्सिस या रोपट्यात सुमारे एक तृतीयांश जनुकांचं काम उजेडाने बदलतं, असं 2001 च्या एका अभ्यासात दिसलं. आणि हे सगळं पानाने साखरेचा कणही बनवण्याआधी सुरू होतं! उजेड आधी निरोप म्हणून येतो, अन्न मागाहून.

फायटोक्रोम सापडलं तेही अशाच पिवळ्या कोंबांत. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला 1952 मध्ये लेट्यूसच्या बिया तांबड्या प्रकाशात उगवल्या, त्यापलीकडच्या गडद तांबड्यात अडल्या; शेवटी कोणता प्रकाश पडला त्यावर निकाल. हे करणारं द्रव्य 1959 मध्ये हाती लागलं ते अंधारात वाढवलेल्या मक्यात. हिरव्या पानात हरितद्रव्यच तांबडा प्रकाश गिळतं, तिथे ते दिसणं अवघड होतं.

तणाच्या कित्येक बियांतही हीच कळ असते. कोळपं फिरताना माती उलटते, क्षणभर उजेड लागतो, बी पुन्हा गाडलं जातं, पण निरोप पोचलेला असतो. कोळपणीनंतर पाऊस झाला की आठवड्यात नवं तण दिसतं, त्यात या क्षणाचाही वाटा आहे. जर्मनीत तर 1990 च्या सुमारास रात्रीच्या अंधारात मशागत करून पाहिली, आणि तण कमी उगवलं.