प्रमाणपत्र आणि पक्कड

दहावीनंतर दोन वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत काढून ‘वीजतंत्री’ या व्यवसायाचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळविलेला तरुण पहिल्या कामाच्या शोधात निघतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी त्याला एकच प्रश्न विचारला जातो : “अनुभव किती?” अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, हे दुष्टचक्र पदवीधरांच्याही वाट्याला येते आणि त्याविषयी पुष्कळ लिहिलेही गेले आहे. परंतु कारकुनाच्या अननुभवाने फार तर एखादी फाइल चुकीच्या टेबलावर जाते. वीजतंत्र्याच्या अननुभवाची किंमत त्याला स्वतःला, किंवा ज्यांच्या घरी तो काम करतो त्या कुटुंबाला, प्राणांनी मोजावी लागू शकते. आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात. यांतले सारेच काही कामगार नसतात आणि साऱ्याच अपघातांच्या मुळाशी अननुभव नसतो. तरीही नवशिक्या वीजतंत्र्याचा प्रश्न हा केवळ बेकारीचा नव्हे, तर सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, हे ध्यानात येण्यास एवढा आकडा पुरेसा आहे.

प्रशिक्षण संस्थांत काहीच शिकवीत नाहीत, असा एक सोपा शेरा या संदर्भात नेहमी मारला जातो. तो अन्याय्य आहे. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेने देशाला जोडारी, कातारी, संधाता आणि वीजतंत्री दिले. त्यांच्या हातांवर आपले कारखाने उभे राहिले. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला ओहमचा नियम ठाऊक असतो, मोटरची जोडणी येते, अर्थिंग कशासाठी करावयाचे हे समजते आणि तो आकृती वाचू शकतो. ही शिदोरी लहान नव्हे. परंतु त्याने वायरिंग केलेले असते ते लाकडी फळ्यावर. तार नवी, स्विच नवा, भिंत कोरडी, उजेड भरपूर आणि शेजारी निदेशक उभा. प्रत्यक्षात त्याला जावे लागते ते तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या घरात. तेथे तारेचे आवरण हात लागताच गळून पडते, लाल आणि काळ्या रंगांचा संकेत आधीच्या तीन मिस्त्रींनी आपापल्या सोयीने मोडलेला असतो, पावसाची ओल भिंतीत मुरलेली असते आणि माळ्यावरची तार उंदरांनी कुरतडलेली असते. अशा घराची आकृती कोणत्याही पुस्तकात नाही.

एकच उदाहरण पुरेसे आहे. एका घरातले दिवे अकस्मात गेले. नुकतेच प्रमाणपत्र घेतलेला मुलगा आला. त्याने प्लगच्या एका छिद्रात टेस्टर घातला, तो पेटला. दुसऱ्यात घातला, तर तेथेही पेटला. पुस्तकाप्रमाणे एका बाजूस फेज आणि दुसऱ्या बाजूस न्यूट्रल असावयास हवा, मग दोन्हीकडे फेज कसा? मुलगा गोंधळला आणि प्रत्येक पेटी उघडीत बसला. तासाभराने आलेल्या वयस्क वायरमनने दारातूनच सांगितले, “न्यूट्रल तुटला आहे.” मागे कोठेतरी न्यूट्रलची तार तुटली होती, चालू राहिलेल्या पंख्यातून नि दिव्यातून फेज पलीकडे उतरून त्या तुटक्या तारेत येऊन थांबला होता. यात मुलाला ठाऊक नव्हते असे एकही तत्त्व नव्हते. सर्व तत्त्वे त्याच्यापाशी होती. त्यांची सांगड घालणारी सवय तेवढी नव्हती. आणि धोका नेमका येथेच असतो. दिवे गेले आहेत म्हणजे वीज नाही, असे समजून त्या ‘निर्जीव’ न्यूट्रलला जो हात लावील, त्याला धक्का बसल्यावाचून राहणार नाही.

कायदा काय म्हणतो?

प्रमाणपत्र म्हणजे तयार कारागीर नव्हे, ही गोष्ट कायद्याला ठाऊक नव्हती असे नाही. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांची साधी बदलाबदल सोडली, तर विजेच्या मांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच केले पाहिजे आणि ते सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली झाले पाहिजे, असा दंडक १९५६ च्या भारतीय वीज नियमांतच होता. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या विनियमांनीही त्या तरतुदीचा गाभा कायम ठेवला. देखरेख हा यातील कळीचा शब्द होय. दुसऱ्या बाजूने, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेऊन त्यांना शिकविण्याचे बंधन घातले. २०१९ च्या सुधारित नियमांनी हे बंधन तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू केले आणि उमेदवारांचे प्रमाण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान ठरविले. त्याहून लहान, चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना मात्र ही गोष्ट ऐच्छिक आहे.

खरी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. मोठ्या कारखान्यात किंवा वीज कंपनीत ज्याला उमेदवारी मिळाली तो भाग्यवान. त्याला शिकविणारे असतात, सुरक्षेचे नियम असतात आणि अवधीही असतो. परंतु घरे, दुकाने, शाळा आणि लहान कार्यालये येथील वायरिंग करतो तो पाच-सहा माणसांचा कंत्राटदार. बहुसंख्य नवे वीजतंत्री पोहोचतात ते त्याच्याच दारी. तेथे त्यांना ‘हेल्पर’ म्हणतात. शिडी धरणे, भिंतीला चर पाडणे, पाइप वाहणे आणि चहा आणणे यांत वर्ष निघून जाते. मग एके दिवशी मिस्त्री येत नाही, काम तर अडून राहिलेले असते आणि कालपर्यंत शिडी धरणाऱ्या मुलाला एकट्याला मीटरच्या पेटीपाशी उभे केले जाते. वर्षभर काहीच न शिकविणे आणि एका दिवशी सर्वच सोपविणे, या दोन टोकांमध्ये जी पायरी असावयास हवी तीच नेमकी गहाळ आहे.

याचा सारा दोष कंत्राटदाराच्या माथी मारणे सोपे आहे, पण योग्य नाही. त्याचे गणित आपणच बिघडविलेले असते. तीन ठिकाणांहून दर मागवून सर्वांत स्वस्ताला काम देणारे आपणच आणि “एवढ्याशा कामाला दोन माणसे कशाला?” असे विचारणारेही आपणच. वस्तुतः त्या दोघांपैकी एक शिकत असतो आणि दुसरा शिकवीत असतो. जर्मनीत हा खर्च समाजाने उघडपणे मान्य केला आहे. तेथे १९६९ च्या व्यवसाय-शिक्षण कायद्याच्या चौकटीत वीजतंत्र्याचे शिक्षण साडेतीन वर्षे चालते. उमेदवार पहिल्यापासूनच एखाद्या उद्योगात काम करतो आणि त्याच काळात शाळेतही जातो. आपल्या विस्कळित बाजारपेठेत ती पद्धत जशीच्या तशी उतरविता येणार नाही. पण संस्थेच्या परिसरातील दहा-बारा लहान कंत्राटदारांनी मिळून उमेदवार वाटून घ्यावेत, प्रत्येक उमेदवाराने कामाची रोजनिशी ठेवावी, निदेशकाने महिन्यातून एकदा ती तपासावी आणि शिकविणाऱ्या मिस्त्रीला त्याबद्दल काही भत्ता मिळावा, एवढे तरी अशक्य का असावे? यातील कित्येक मिस्त्रींपाशी स्वतःचे प्रमाणपत्र नसते. त्यांच्या हाताला मान्यता आणि मुलाच्या कागदाला अनुभव, असा हा दुहेरी लाभ होईल. संस्थांनीही नव्या तारांच्या फळ्याशेजारी एक जुनी, बिघडलेली, मुद्दाम चुकीच्या जोडण्या केलेली भिंत ठेवावी आणि दोष शोधण्याची परीक्षा घ्यावी.

‘मला ठाऊक नाही’

हे सारे होईल तेव्हा होवो. आज कामावर जाणाऱ्या तरुणाने तोवर काय करावे? पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, असे त्याला सगळेच ऐकवितात. म्हण खरी आहे; पण आपल्या खेड्यांत पोराला विहिरीत ढकलताना त्याच्या पाठीला भोपळा बांधीत आणि काठावर एखादा जाणता उभा राही, हे सांगावयास लोक विसरतात. विजेच्या कामात हा भोपळा म्हणजे काही साध्या, कंटाळवाण्या सवयी. मेन बंद करावे, फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवावा, टेस्ट लॅम्प आधी चालू जागी लावून तो ठीक असल्याची खात्री करून घ्यावी, मग कामाच्या जागी लावावा आणि पुन्हा एकदा चालू जागी लावून पाहावा. आता तर घरोघरी इन्व्हर्टर आहेत आणि कित्येक छपरांवर सौर पट्ट्या आल्या आहेत. मेन बंद केले तरी एखादी तार जिवंत असू शकते. ‘बंद केले आहे’ या दुसऱ्याच्या शब्दावर या व्यवसायात कोणीही विसंबू नये.

आणि काठावरचा जाणता? त्याला हाक मारण्याचे धैर्य हीच नवशिक्याची खरी कसोटी असते. प्रमाणपत्र हाती असले की ‘मला ठाऊक नाही’ हे तीन शब्द जड होतात. घरमालक पाहत असतो, मिस्त्री हसेल असे वाटते, आणि घरी आईवडिलांनी मुलगा शिकून तयार झाल्याचे सर्वांना सांगितलेले असते. मग तो अंदाजाने हात घालतो. पेपरात अंदाजाने लिहिलेल्या उत्तराचे दोन गुण जातात. येथे तशी सवलत नाही.

म्हणून या प्रश्नाची एक बाजू तुमच्याआमच्या, म्हणजे शिक्षक, कारकून आणि गृहस्थ असलेल्या माणसांच्या हातात आहे. उद्या एखादा कोवळा वीजतंत्री आपल्या घरी येईल, पेटी उघडून क्षणभर थांबेल आणि म्हणेल, “हे मला नीट कळत नाही, मी आमच्या मिस्त्रींना घेऊन येतो.” त्या वेळी आपल्या कपाळावर आठी उमटणार की आपण त्याला “जा, घेऊन ये, आम्ही थांबतो” असे म्हणणार? तो मुलगा पुढे धडका कारागीर होईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या एका उत्तरावर अवलंबून राहील. एक संध्याकाळ अंधारात काढावी लागली, तर ती अवश्य काढावी.