वेगवान एपीआय आणि स्वतंत्र विकासक : करारापूर्वी पाहावयाच्या बाबी

मुंबई-पुणे लोहमार्गाचे १९२९ मध्ये विद्युतीकरण झाले. त्याच काळात ठाकुर्ली येथे रेल्वेचे स्वतःचे वीजघर उभे राहिले. गाडीत बसलेल्या प्रवाशाला ते दिसत नसे. गाड्यांना लागणारी वीज मात्र तेथून जात असे. ते वीजघर बंद होऊन आता अनेक वर्षे लोटली आहेत. संगणकीय सेवांच्या मागेही असेच एक न दिसणारे घर असते. त्यास बॅकएंड म्हणतात. पतसंस्थेच्या सभासदाने भ्रमणध्वनीवर आपली शिल्लक विचारली की बॅकएंड दप्तरातून ती शोधून परत धाडतो. ही विचारणा कोणत्या स्वरूपात करावयाची आणि उत्तर कसे द्यावयाचे, याची ठरवून दिलेली पद्धत म्हणजे एपीआय. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमध्ये निरनिराळ्या बँकांची देवाणघेवाण अशाच ठरीव पद्धतीने चालते.

ठाकुर्ली-डोंबिवली परिसरात संगणक व्यवसायातील अनेक कुटुंबे राहतात. एखादी पतसंस्था, शाळा वा वाचनालय यांना असे काम करून देणारा स्वतंत्र विकासक शेजारच्या इमारतीतही भेटू शकतो. त्यामुळे काम तोंडी ठरते, आणि अडचणींचा उगम बहुधा येथेच असतो.

पहिला प्रश्न वेगाचा. ‘सेवा वेगवान असावी’ एवढ्या वाक्याला करारात काहीच अर्थ नाही. एकाच वेळी २०० सभासद विचारणा करीत असताना शंभरपैकी पंचाण्णव विचारणांना ३०० मिलिसेकंदांच्या आत उत्तर मिळावे, असे लिहिल्यास ते मोजता येते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक संस्थेने ते आपल्या गरजेनुसार ठरवावेत. विकासक कोणती संगणकीय भाषा वापरणार यावरच बैठकीत पुष्कळ वेळ जातो. वस्तुतः मंदपणाचे कारण बहुतेक वेळा दप्तराच्या रचनेत असते. अनुक्रमणिका नसलेल्या नोंदवहीत एक नाव शोधण्यासाठी सर्व पाने उलटावी लागतात. माहितीसाठ्याला सूची नसल्यास संगणकही तेच करतो. दुसरा दोष अधिक फसवा आहे. ५०० सभासदांची यादी एकदा आणून, पुन्हा प्रत्येकाच्या शिल्लकेसाठी स्वतंत्र फेरी घातली तर ५०१ फेऱ्या होतात. जे काम एकदोन फेऱ्यांत व्हावे त्याची ही गत! दहा नावांच्या चाचणीत हा दोष दिसत नाही. म्हणून चाचणी खऱ्या संख्येइतक्या, परंतु काल्पनिक नोंदींवर घ्यावी. सभासदांची खरी नावे व खाती विकासकाच्या घरच्या संगणकावर जाण्याचे कारण नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केंद्रीय अधिनियमही संमत झाला आहे.

दुसरा प्रश्न मालकीचा असून तो पहिल्याहून गंभीर आहे. पूर्ण मोबदला दिला की आज्ञावली आपली झाली, असा सर्वसाधारण समज आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार तसे होत नाही. पगारी सेवकाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या आज्ञावलीचे हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातात. स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेल्या आज्ञावलीचे हक्क सामान्यतः त्याच्याचकडे राहतात. ते संस्थेकडे यावयाचे तर कलम १९ प्रमाणे लेखी व स्वाक्षरी केलेले हस्तांतरण हवे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतरण भारतापुरते मानले जाते. शासनाच्या निर्देशानुसार झालेल्या कामाबाबत कलम १७ मध्ये निराळी तरतूद आहे. पतसंस्थेने तिच्यावर विसंबू नये.

कागदावर हक्क असूनही किल्ल्या दुसऱ्याकडे असू शकतात. संकेतस्थळाचे नाव, सर्व्हरचे खाते व मूळ आज्ञावलीचे भांडार ही तिन्ही आरंभापासूनच संस्थेच्या नावे उघडावीत आणि विकासकास कामापुरता प्रवेश द्यावा. मोबदला टप्प्याटप्प्याने द्यावा. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या जाणकाराने, केवळ सोबतच्या लेखी सूचना वाचून, संपूर्ण यंत्रणा कोऱ्या सर्व्हरवर उभी करून दाखवावी.